माडवेळच्या बत्तीचे पितळी चाक

मी, मुनव्वर इमाम शिकलगार, वय एकाहत्तर, धंदा टर्नर, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. डोके शाबूत आहे. कोणाची बळजबरी नाही. यापूर्वी असे काही लिहिलेले नाही.

१. राहते घर व शेड यांचे वाटे शरियतीप्रमाणे पडावेत. पत्नी मलिका हिला तिच्या स्वयंपाकघरातून कोणी हलवू नये. मुलगी मुस्कान हिला माझ्या सल्ल्याची गरज कधी पडली नाही, आताही देत नाही.

२. माझा व्हर्निअर कॅलिपर शेजारी गुंडू चौगुले यांच्याकडे बारा वर्षे आहे. तो त्यांनाच राहावा. "समुद्र काय रंकाळ्यात आणतोस व्हय?" असे ते, मी दीपगृहाचे चाक बनवत असताना, मला चारचौघांत म्हणाले होते, तेही माफ.

३. माझे वडील कोकणात माडवेळच्या दीपगृहावर बत्तीवाले होते. आमचे बालपण तिथेच गेले. सकाळी भिंगाच्या लोलकांतून ऊन आले की भिंतींवर रंग चालू लागत, आणि मी व धाकटा अझहर त्यांच्या मागे गोल गोल फिरत असू. १९८४ साली नवा मनोरा झाला, बत्ती बंद पडली, वडील कोल्हापुरास माझ्याकडे आले. मरेपर्यंत रोज मावळतीला ते दारात पश्चिमेकडे तोंड करून बसत. त्यांना काय दिसते, हे मी विचारले नाही.

४. २००९ साली मी तिथे परत गेलो. कठड्यातून उंबर उगवला होता, लोलकांवर पाखरांची घाण होती, पण एकही फुटला नव्हता. फक्त भिंग फिरवणारे पितळी दातेरी चाक जागेवर नव्हते. १९८४ साली खोली रिकामी करताना वडिलांबरोबर अझहर होता आणि हुपरीत त्याची चांदी गाळायची भट्टी होती. मी त्याच्या दारात उभा राहून म्हणालो, "चाक वितळवलंस." तो "न्हाय" म्हणाला. दहा वर्षे आम्ही बोललो नाही. त्याच्या मुलीच्या, आफशीनच्या लग्नाची पत्रिका आली, मी गेलो नाही.

५. पुढे गावच्या समितीने दुरुस्ती काढली. मी सुट्टीला घाट उतरून जाई. उंबर मुळासकट काढला, भेगांत चुना भरला, लोलक एकेक पुसले. चाक मी तीनदा बनवले, तिन्ही वेळा भिंग अडखळले. तिथे मला सगळे कोल्हापूरचा मिस्त्री म्हणत. मी कोणाचा, हे सांगितलेच नव्हते. २०१९ साली चिमणाबाई या म्हाताऱ्या कोळणीने सहज विचारले, तेव्हा वडिलांचे नाव सांगितले. ती आत गेली आणि लुगड्यात गुंडाळलेले चाक घेऊन आली. भंगारवाल्यांच्या भीतीने वडिलांनीच ते मुलासाठी तिच्याकडे ठेवले होते. म्हणाली, "इमामभाईन सांगल्यानी, माझो झील येतलो, तेका दी. तू कधी बोललंसच नाय."

चाक बसवले. झोपेत कुणी कूस बदलावी, तसे भिंग आवाज न करता फिरले. मी जिन्यात बसून रडलो.

६. त्याच आठवड्यात हुपरीस जाऊन अझहरची माफी मागितली. त्याने चहा दिला. म्हणाला, "चोर म्हणालास ते पचवलं. आफशीन मांडवात तुझी वाट बघत हुती, त्याचं काय करू?" 

७. माझा लेथ, सर्व हत्यारे आणि समितीने माझ्याकडे सोपवलेली चाकाची देखभाल अझहरकडे जावी. मलिका व मुस्कान यांची संमती आहे. तो नको म्हणाल्यास सारे समितीला द्यावे. त्याला आग्रह करू नये.

८. मला बावड्याच्या कब्रस्तानातच ठेवावे, समुद्राकडे नेऊ नये. दुपारी लेथ थांबवला की उसावरून वारा येतो. डोळे मिटले की मी माडवेळलाच असतो.

कोल्हापूर, १४ फेब्रुवारी २०२४
सही: मुनव्वर इमाम शिकलगार

आमच्यासमोर वाचून सही केली:
१. ॲड. तेजस्वी सातपुते
२. ज्ञानू रामा खोत

संमती: मलिका मुनव्वर शिकलगार, मुस्कान शिकलगार

कलम ७ वाचल्याबद्दल सही: अझहर इमाम शिकलगार
मेल्यावर कशाला, भाई? येत्या रविवारी दोघं जाऊ की.