तोंबीचा सैल पडलेला माग

प्रिय तोंबी,

१२ जानेवारी १९४९, बुधवार, सकाळचे सव्वानऊ. तुझी राख सावडून आष्ट्याच्या घरी आलो आणि गणपतनं, माझ्या भावानं, तुझ्या नवऱ्यानं, मागाची दोरी विळ्यानं कापली. मी घड्याळ पाहिलं. मुख्याध्यापिकेची नोकरी संपली तरी अपराधाची वेळ टिपून ठेवायची सवय जात नाही. त्याला आज आठ दिवस झाले, मला एका जागी बसवत नाही, म्हणून लिहितेय.

तुमच्या मणिपूरचा माग म्हणजे चार काठ्या आणि एक पट्टा. एक टोक खांबाला, दुसरं तुझ्या कमरेला. तू मागे रेललीस की सूत ताठ, उठलीस की सैल. लढाईवरून आलेल्या गणपतनं तुला इथं आणलं, लग्नात सगळ्यांनी तुझी तारा केली. मी मात्र तोंबीच म्हणत राहिले.

बसण्याआधी तू देवीला हात जोडायचीस. विणकाम तिचं आणि जादूही तिचीच, असं मोडक्या हिंदीत सांगितलंस. कशाला सांगितलंस गं? तेही मला! शेजारची बायजा तुला बघून नाक मुरडायची, तेव्हा मीच तोऱ्यात म्हणाले, जपून राहा, हिची देवी जादू जाणते. मी नन्सच्या हाताखाली शिकलेली. माझ्या लेखी ती थट्टा होती. महिन्याभरात बायजाचं वासरू दगावलं आणि गल्लीला कारण सापडलं.

तू तापानं गेलीस, तर म्हणे करणी उलटली. मी भांडायला गेले.

"आवं बाई, तुमीच सांगितलं न्हवं?" बायजा म्हणाली.

माझाच धडा तिनं मला म्हणून दाखवला. मला!

गणपत रडत होता आणि मागाची दोरी कापत होता. "आक्का, ह्यो माग जाळू दे. उद्या पोरीला कोन घरात घील?"

मी काठ्या-पट्ट्यासकट अर्धं विणलेलं कापड पदरात गुंडाळलं, तुझ्या लेकीला, चंपाला, कडेवर घेतलं आणि सांगलीला माझ्या घरी निघून आले.

आता नवी दोरी लावून माग माझ्या खांबाला बांधलाय. पट्टा कमरेला येतो, पण अर्ध्या तासात मी उठते आणि सगळं सैल पडतं. तू दिवसभर कशी बसायचीस? काठाची नक्षी कुठून उचलायची? हे वस्त्र चंपासाठी, एवढंच तू बोलली होतीस.

ते तिला नेसवून त्याच गल्लीतून हाताला धरून नेईन. बायजाच्या दारात थांबून सांगेन, दोष देवीचा नव्हता, तोंबीचा नव्हता, माझ्या जिभेचा होता.

नक्षीबद्दल ३१ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं. तुझ्या देवीला एवढं येतं, तर एक पोस्टकार्ड जड नसावं. नाही आलं, तर दुसऱ्या दिवसापासून मला येईल तसं विणेन. काठ वाकडा गेला तर तक्रार ऐकून घेणार नाही.

तुझी वन्सं,
कृष्णा