कायम पडीक

ता. मुक्ताईनगर, ९ मार्च २०२५

चि. ज्योत्स्ना हिस, अ. उ. आ.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आम्ही सारे खुशाल. तुझी वहिनी गुडघ्यांनी बेजार आहे. तुला शिव्या देताना मात्र उठून उभी राहते.

तुमच्या धुळ्याच्या कार्यालयाने २०५० सालचा नकाशा ग्रामपंचायतीत लावला आहे. माणसं किती उरतील, जमिनीचं काय होईल, सगळं रंगांत. आपलं गाव पूर्ण पिवळं. खाली लिहिलंय, पिवळं म्हणजे कायम पडीक. आज एकतीसशे माणसं, तेव्हा नऊशे.

समाधानची सोयरीक जमत आली होती. धरणगावचे योगराज आबा मुलीचा शब्द द्यायला आले आणि चहा व्हायच्या आत ग्रामपंचायतीत जाऊन चष्मा लावून नकाशा वाचून आले. म्हणाले, बठ्ठं गाव पिवळं शे, माझी पोर तेव्हा पन्नाशीची असेल, ती त्या नऊशेंत राहील की गेलेल्यांत? चहा तसाच राहिला. पोरगा एकोणतीस वर्षांचा झाला. सात नकार आधी आले होते. आठवा तुझ्या कार्यालयातून आला. तेव्हापासून तो जेवायला घरात येत नाही, केळीत बसून राहतो.

एक रंग बदलायचा आहे. भाच्यासाठी एवढं कर. लोभ आहे, तो तूही ठेव.

तुझा,
नाना (जीवराम)


धुळे, १७ मार्च २०२५

ती. नाना यांस, शि. सा. न. वि. वि.

फोन उचलत नाही, कारण बोललेलं तुम्ही फिरवता. लिहिलेलं राहतं.

रंग मी दिला नाही. गेल्या उन्हाळ्यात आमची पाहणीची माणसं गावात आली. तुम्हाला वाटलं, दुष्काळाच्या मदतीची यादी करायला आली. विहिरीला किती महिने पाणी असतं, या प्रश्नापुढे तुम्ही लिहिलंत, तीन. पारावर बसून आणखी चाळीस जणांना तेच लिहायला लावलंत. पुढचं संगणकाने केलं. पाणी नाही तर केळी नाही, केळी नाही तर माणसं नाहीत.

फॉर्म तपासायला माझ्याकडे आले. तुमचं अक्षर ओळखलं. त्या विहिरीचं पाणी आईबरोबर मी वैशाखात शेंदलं आहे. ती बारमाही आहे. खोटं मला दिसत होतं. मी बरोबरची खूण केली आणि फॉर्म पुढे पाठवला. त्या दिवशी पोटभर जेवले.

बारा वर्षांपूर्वी वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडायला तुम्ही मला रजिस्टर ऑफिसात नेलंत. कारकुनाने मला विचारलं, बाई, खुशीने सोडताय ना. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, खुशीने. त्याने तुमचा शब्द धरला. या वेळी मीही तुमचा शब्द धरला. हक्क सोडला त्या दिवशी तुम्ही दिलेल्या साडीची घडी अजून मोडलेली नाही.

दुरुस्ती होऊ शकते. तुम्ही आणि त्या चाळीस जणांनी खोटं लिहिल्याचं कबूल करायचं, मी माझी चूक लेखी द्यायची. मला नोटीस मिळेल. ती घेईन, एका अटीवर. विहिरीकडचा दीड एकर माझ्या नावे करा. तुमच्याच लेखी तिथे तीन महिने पाणी आहे, जड जाऊ नये. कारकून विचारेल, खुशीने देताय ना. उत्तर मी देईन.

समाधानला घरात जेवायला बोलवा. त्याच्यावर माझा राग नाही. लोभ मागत नाही.

ज्योत्स्ना


ता. मुक्ताईनगर, २७ मार्च २०२५

ज्योत्स्नास,

तुझी वहिनी म्हणाली, घरातली बाईच अशी उलटली तर काय करायचं. मी म्हणालो, ती घरातली कधीचीच राहिली नाही. 

पत्र मी लपवलं होतं. समाधानला सापडलं. त्याने विचारलं, आत्या खरं लिहिते का. मी पत्र त्याच्या हातून ओढून घेतलं. मग तोच चाळीस घरं फिरला. माझ्या वाट्याच्या शिव्या खाऊन सह्या आणल्या. त्या आणि माझी, सोबत आहेत.

सात एप्रिल, सोमवार, सकाळी अकरा, रजिस्टर ऑफिसात. मी बोलणार नाही.

जीवराम


धुळे, २८ जून २०२५

ती. नाना यांस, सा. न.

नवा नकाशा सोबत आहे. माझी नोटीसही आली, ती ठेवून घेतली.

त्या सोमवारी मी म्हणाले, खुशीने, तेव्हा तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतात. बारा वर्षांपूर्वी मीही त्याच घड्याळाकडे पाहत होते. ते अजून दहा मिनिटं मागे आहे.

गाव आता निम्मं हिरवं झालं. माणसं एकोणीसशे. नदीकडची तुमची केळी मात्र पिवळीच राहिली. पाणी असेल, पण तेव्हाचं ऊन केळीला सोसणार नाही. यात कुणाचं खोटं नाही. मी तीनदा तपासलं. तिसऱ्यांदा नुसतंच पाहिलं. विहिरीकडे कापूस, ज्वारी निभेल. तो दीड एकर हिरवा आहे.

योगराज आबांचा होकार आल्याचं समाधानने कळवलं. मांडव विहिरीपाशी घालायचा म्हणता. जागा माझी आहे. परवानगी मागा, लेखी. तीन ओळी पुरेत.

लोभ असल्यास तोही त्यातच लिहा.

ज्योत्स्ना