मुख्य व्हॉल्व्ह

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. काळ कठीण आहे आणि कठीण काळात जबाबदार माणसाने नोंदी ठेवायच्या असतात.

सकाळी इमारतीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. तोंडाला पांढरा मुखवटा, मुद्दाम घोगरा केलेला आवाज. म्हणे आम्ही हॅकर आहोत, सरकारं आणि कंपन्या तुमच्यावर पाळत ठेवतात, त्याचा निषेध म्हणून येत्या रविवारी संध्याकाळी सहाला जगाचं इंटरनेट बंद पाडणार. खाली आमच्या लोकांनी अंगठे दाखवलेत. अंगठा कशाला, ते कुणालाच सांगता येईना.

इमारतीचा सेक्रेटरी मी. तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली. इंटरनेट म्हणजे तरी काय, पाइपलाइनच. बाहेरून मोठी लाइन येते, जिन्याखालच्या लोखंडी कपाटात डबा आहे, तिथून घरोघरी फाटे. दोन्ही बाजूंना उंच इमारती, त्यामुळे आमच्याकडे मोबाईलला रेंज शून्य. साधा फोनसुद्धा वायफायवरूनच लागतो, नाहीतर फाटकाबाहेर विजेच्या खांबापाशी जाऊन उभं राहायचं. म्हणजे अख्खी इमारत त्या एका डब्यावर चालते. आणि कपाटाची किल्ली कुणाकडे? माझ्याकडे.

ही गेले दोन आठवडे लेकीकडे आहे, दुसऱ्या गावी. लेकीचं पहिलं बाळंतपण, वीस तारखेच्या आसपास. माझं तिकीट पंधराचं. भरपूर वेळ आहे.

संकल्प: स्वतः घाबरायचं नाही. लोकांना योग्य प्रमाणात घाबरवायचं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

गच्चीवर तातडीची सभा घेतली. चेअरमन आले, खुर्चीत बसल्या बसल्या पेंगले. तळमजल्यावरचा चष्मेवाला म्हणाला, हॅकरांचं बरोबरच आहे, एकदा सगळं बंद पडलंच पाहिजे, लोकांचे डोळे तरी वाचतील. त्याचा धंदा डोळ्यांवर चालतो हे लक्षात आणून दिल्यावर स्वतःचाच चष्मा पुसत बसला. शिकवणीच्या बाई ऑनलाइन वर्ग घेतात, त्यांचं तोंड उतरलं होतं. तिसऱ्या मजल्यावरची नर्स म्हणाली, असले व्हिडिओ दर वर्षी येतात, काही होत नाही. आणि ड्युटीची वेळ झाली म्हणून उठून गेली. हिच्यासारख्यांमुळेच समाज बेसावध राहतो.

इंटरनेट संरक्षण समिती स्थापन. सभासद: मी. चेअरमननी झोपेत मान हलवली, ती मंजुरी धरली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

बाजारात फेरी मारली. फोटो स्टुडिओपुढे रांग. लोक मोबाईलमधले फोटो कागदावर छापून घेतायत. एक गृहस्थ म्हणाले, लग्नाचे फोटो राहू द्या, पासवर्ड लिहिलेल्या कागदाचा फोटो तेवढा छापा. मेणबत्त्या संपल्या. इंटरनेट गेल्यावर अंधार पडतो असं कुणी सांगितलं कोण जाणे. कॉलेजची पोरं खूश, सोमवारची ऑनलाइन परीक्षा बुडणार म्हणून. एक म्हातारबुवा बाकावर बसून सगळ्यांना विचारत होते की हे हॅकर कुठल्या पक्षाचे. मी थांबून सर्वांना पाइपलाइनचं तत्त्व समजावलं. बरेचजण ऐकत होते. मधेच त्यांची बस आली.

दुपारी लेकीचा फोन. आवाज बारीक. म्हणाली, बाबा, लवकर याल का? डॉक्टर म्हणतात बीपी वाढलंय. मी तिला धीर दिला, म्हटलं समिती स्थापन झालेली आहे. ती म्हणाली, बाबा, मी बाळाबद्दल बोलतेय.

मीही एका अर्थी त्याबद्दलच बोलत होतो.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

हिचा फोन. डॉक्टर वीस तारखेपर्यंत थांबतीलसं वाटत नाही, म्हणे. आजच निघा. मी म्हटलं, अगं रविवार तोंडावर आलाय, इमारत वाऱ्यावर सोडून कसा येऊ? सोमवारी निघतो. ही म्हणाली, इमारत पडणार आहे का? हिला तांत्रिक बाबी समजावणं म्हणजे डोक्याला ताप.

मग म्हणाली, निदान फोन तरी जवळ ठेवा, पोरीचा हट्ट आहे. हट्ट मला ठाऊक आहे. लेक शाळेत असल्यापासून तिच्या प्रत्येक परीक्षेला दारात उभं राहून मी म्हणायचो, "पाणी पिऊन जा." पाणीपुरवठ्यातला माणूस दुसरं काय म्हणणार. एकदा दौऱ्यावर होतो, तेव्हा पठ्ठीने ऑफिसात फोन करून माझ्याकडून म्हणवून घेतलं आणि मगच पेपरला गेली. लग्नाला उभी राहतानाही मान वळवून माझ्याकडे बघत होती. आता दवाखान्यात आत नेण्याआधी तिला तेच ऐकायचं आहे. म्हटलं, ऐकवीन की. फोन काय, उशाशीच असतो.

शनिवार, ८ नोव्हेंबर

रात्रभर विचार करून योजना तयार. एकदा खात्यात असताना मोठ्या लाइनमध्ये गटाराचं पाणी शिरलं होतं. साहेब फायली चाळत बसले. मी जाऊन मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. आमच्या भागात एकाचंही पोट बिघडलं नाही.

इथेही तेच. हल्ला सहाला. पावणेसहाला डब्याचं बटण बंद. घाण आतच येणार नाही. बाहेरचं निवळलं की आठ वाजता बटण चालू. सोपं आहे, पण सुचायला अनुभव लागतो.

कुणालाही सांगायचं नाही. सांगितलं तर लोक घाबरतील. आणि श्रेय घ्यायला चष्मेवाला पुढे येईल.

रविवार, ९ नोव्हेंबर, सायंकाळी ५.४५

व्हॉल्व्ह बंद. कपाटाला कुलूप.

रात्री ८

काय सांगावं. सहा वाजून गेले आणि अख्खी इमारत जिन्यात. गेलं, खरंच गेलं, असा एकच गलका. शिकवणीच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी, वर्ग मधेच तुटला. चष्मेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बंद पडलंच पाहिजे म्हणणारा हाच, आता विचारत होता की क्रिकेटचा स्कोअर कसा कळणार. चेअरमन जागे होते, हे मी प्रथमच पाहिलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सर्वांसमोर म्हणाले, "एकट्या ह्या माणसाने आपल्याला आधी सांगितलं होतं."

टाळ्या पडल्या. माझ्यासाठी टाळ्या याआधी निवृत्तीच्या दिवशी पडल्या होत्या, आणि त्याही चहा आला म्हणून लवकर थांबल्या.

आता आठ वाजता लगेच बटण लावणं बरं दिसणार नाही. एवढा मोठा हल्ला आणि दोन तासांत आटोपला, लोकांना काय वाटेल? सकाळी लावू. तोवर लोकांना शिस्तही लागेल.

हिचा फोन नाही. साहजिक आहे. नेट बंद आहे.

सोमवार, १० नोव्हेंबर, सकाळ

लवकर उठून कपाटापाशी गेलो. तिथे चष्मेवाला खुर्ची टाकून बसलेला. म्हणाला, हॅकर डब्यापर्यंत येऊ नयेत म्हणून पहारा देतोय. ही कल्पना मीच काल भाषणाच्या भरात मांडली होती. तेव्हा चांगली वाटली होती.

नर्स रात्रपाळी करून आली. सर्वांसमोर म्हणाली, हॉस्पिटलमध्ये नेट चालू आहे, रस्त्यावर चालू आहे, बेकरीतसुद्धा चालू आहे. मी डगमगलो नाही. समजावलं की दूषित पाणीसुद्धा सगळीकडे एकदम पोचत नाही, भागाभागाने जातं. लोकांना पटलं. उलट तिलाच म्हणाले, बाई, झोप झाली नाही वाटतं तुमची.

ती जिना चढता चढता थांबली. हळू आवाजात म्हणाली, "काका, तुमची मुलगी अवघडलेली आहे ना? बाकीचं राहू द्या. खांबापाशी जाऊन एक फोन करून या."

सल्ला वाईट नव्हता. फाटकापर्यंत गेलोही. पण खांब भर रस्त्यात, सगळ्या खिडक्या त्याच बाजूला. जगाचं इंटरनेट बंद असताना खुद्द सेक्रेटरी खांबाला टेकून फोनवर बोलताना दिसला तर? काल ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच हसतील. परत फिरलो. फाटकाच्या बिजागरीला तेल हवंय, असं मोठ्याने म्हटलं.

दुपार

मला आता वाटू लागलंय की हल्ला खरोखर झालेला असावा. बटण बंद असल्यामुळे तपासायची सोय नाही, पण नाकारायचीही सोय नाही. तसं असेल तर ही तरी फोन कुठून करणार. जेवण गेलं नाही. हवा कोंदट आहे. आज निघायचं होतं, पण बटण लावल्याशिवाय कसा निघणार.

चष्मेवाला हलत नाही. बायकोने ताट खाली आणून दिलं, तिथेच जेवला. एवढी निष्ठा त्याच्या अंगात असेल असं वाटलं नव्हतं.

आठवलं तसं लिहून ठेवतो: बीपीचं औषध डॉक्टरांनी वाढवलं होतं, असं ही शुक्रवारी म्हणाली होती. मी त्या वेळी ग्रुपवर सूचना टाइप करत होतो.

सायंकाळ

चष्मेवाला अखेर अंघोळीला गेला. कपाट उघडलं. बटण लावलं. हिरवे दिवे आले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पाणी दोन दिवस बंद ठेवून सोडलं की आधी नुसती हवा येते, फसफसते. मग गढूळ. मग स्वच्छ. फोनचंही काल तसंच झालं. आधी बराच वेळ थरथरला. मग ग्रुपवरचे विनोद, मेणबत्त्यांची जाहिरात. हॅकरांचा नवा व्हिडिओ: तारीख पुढे ढकलली आहे. मग ही.

रविवारी सातला: ॲडमिट केलंय. त्यानंतर: फोन का लागत नाही? मग: बीपी उतरत नाहीये, ऑपरेशन करणार. मग जावयाचा: बाबा, कुठे आहात? मग हिचे नुसते मिस्ड कॉल, एकाखाली एक. मग सोमवारी पहाटे: मुलगी झाली. पोरीला रात्री फार त्रास झाला, आता बरी आहे. त्याखाली काही नाही.

या सगळ्याच्या मधे, रविवारी रात्रीचा, लेकीचा आवाज. पाठीमागे ट्रॉलीची चाकं वाजतायत.

"बाबा, आत नेतायत. पाणी पिऊ देत नाहीयेत, पण तुम्ही नुसतं म्हणा ना."

मी आजोबा झालो आहे. हे वेगळं लिहायला हवं होतं, वर.

हिला लगेच फोन लावला. हल्ल्याचं सांगू लागलो. ही म्हणाली, "कसला हल्ला? इथे सगळं चालू होतं. सगळ्या जगात चालू होतं." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. लेकीला दे म्हटलं, तर ती झोपलीय. तासाभराने लावला, झोपलीय. आज संध्याकाळी लावला तेव्हा मागे तिचा बोलण्याचा आवाज येत होता. ही म्हणाली, झोपलीय. मी आज रात्रीच निघतो म्हटलं, तर म्हणाली, आता घाई करू नका, पंधराचंच राहू दे.

दारावर चेअरमन येऊन गेले. नेट सुखरूप परत आणल्याबद्दल शुक्रवारी गच्चीवर माझा सत्कार आहे. चष्मेवाल्याचाही, पहाऱ्याबद्दल. त्यांना खरं काय ते सांगणार होतो. पण त्यांनी हाराचा रंग विचारला, आणि मग विषय राहूनच गेला. शुक्रवारी भाषणात सांगेन. बहुतेक.

नर्स जिन्यात भेटली. तिने माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं आणि वर गेली.

रात्री घरात कुणी नसताना बेसिनपाशी उभं राहून लेकीला आवाजी मेसेज केला. पहिल्यांदा मागे नळाचा आवाज आला म्हणून पुसला. दुसऱ्यांदा नीट आला. म्हटलं, "पाणी पिऊन जा." आता कुठे जायचं नाहीये तिला, पण दुसरं काही सुचलं नाही.

पाठवला. पोचल्याची खूण आली. ऐकल्याची अजून नाही.

खाली जाऊन डबा बघून आलो. सगळे दिवे हिरवे आहेत.