उशाखालचा बिल्ला

९ जानेवारी १९३१, शुक्रवार

आज पुन्हा दचकले. चुलीवर भाकरी टाकली होती, मागे वळून बघते तर हे उभे! दार वाजलं नाही, पाऊल वाजलं नाही. हातातली भाकरी सरळ राखेत. हे हसतात. म्हणाले, "जमलं की!"

दिवाळीनंतर साहेबांनी आमच्या पोलीस लाईनीतले बारा शिपाई निवडले. त्यात आमचे हे आणि समोरच्या खोलीतला मानसिंग. बसऱ्याच्या लढाईवरून परतलेला एक म्हातारा हवालदार त्यांना शिकवतो – सगळे त्याला उस्ताद म्हणतात. शिकवतो काय, तर झोपलेल्या घरात शिरायचं, आणि कुणाला चाहूल लागू न देता हवा तो माणूस उचलून बाहेर आणायचा. गेल्या वैशाखात शहरात दंगा झाला, मार्शल लॉ लागला, तेव्हापासून साहेबांना असली माणसं हवी आहेत म्हणे.

लोकांच्या घरात! आणि घरातल्यांनी कुऱ्हाड घातली तर? मी विचारलं. यांनी ताट पुढे ओढलं नि जेवायला लागले.

१२ जानेवारी, सोमवार

जमिनीवर कडबा पसरतात, डोळ्यांवर फडकं बांधतात आणि अनवाणी चालायला लावतात. काडी मोडली की पोटरीवर छडी. यांच्या पोटऱ्या काळ्यानिळ्या झाल्यात. मीठ गरम करून शेकल्या. हूं की चूं केलं नाही, मीच रडले.

मानसिंगला म्हणे आजवर एकही छडी लागली नाही. मला त्या माणसाची भीती वाटते. बोलत नाही, वर बघत नाही. आडावर मी असले की बिडी ओढत लांब उभा राहतो, माझी घागर भरेपर्यंत पुढे येत नाही. वाईट कधीच वागला नाही. तरी वाटते भीती, त्याला मी काय करू?

१३ जानेवारी

भोगी. तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या. हे जेवतानासुद्धा भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसले. आपल्याच घरात!

१६ जानेवारी, शुक्रवार

रंभाबाईबरोबर गड्ड्यावर जत्रेला जाऊन आले. रंभाबाई मानसिंगची बायको, माळशिरसकडची. तोंडाची फटकळ, मनाची सरळ. बांगड्या भरल्या, भजी खाल्ली, चार घटका भीती विसरले. येताना मी विचारलं, मानसिंगराव रात्री नसले की तुम्हाला भ्या वाटत नाही का? तर म्हणाली, "भ्या कशाचं? दंगा झाल्यापास्नं मी मुसळ उशाला घिऊनच झोपती. कोन बी येऊ दे, टाळकंच फोडती बघा."

खूप हसलो दोघी.

२० जानेवारी, मंगळवार

यांनी सांगितलं. सांगायचं नव्हतं – उस्तादने विभूतीवर हात ठेवून शपथ घेतली आहे सगळ्यांची. शेवटची परीक्षा आहे. बाराही जण आता शहराबाहेर छावणीत राहणार. जाताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला बायकोकडे द्यायचा, म्हणायचं उशाखाली जपून ठेव. बस्स, आणखी काही सांगायचं नाही. मग कुठल्या तरी रात्री घरात शिरून तो बिल्ला काढून न्यायचा. बायको जागी झाली की नापास! पास होईल तो नाईक, नापास होईल त्याची बदली करमाळ्याच्या ठाण्यावर.

"तुला मांजर चाललं तरी जाग येती, गिरिजा. म्हणून सांगितलं. सुम्म पडून राहा. ओरडलीस तर माझं नाक कापलं."

मी हो म्हटलं. पण खरं सांगू? मला हे नापासच व्हायला हवे आहेत. करमाळ्याला बाजार आहे, कमळाभवानी आहे, दोन माणसांचा संसार कुठेही होतो. अंधारात परक्याच्या घरात शिरणाऱ्याला आज ना उद्या कुणीतरी मारणार. मी फक्त एकदा किंचाळायचं – हे घरात, आपल्या माणसाजवळ, असतानाच. मग काही दिवस रागावतील. जिवंत तर राहतील!

२१ जानेवारी

रंभाबाईचं मुसळ डोळ्यांपुढून हलत नाही. तिच्या उशाखालीही बिल्ला असणार. सांगू का तिला? दोनदा तिच्या दारात गेले. एकदा विरजण मागून आले, एकदा नुसतीच उभी राहिले. तिने विचारलं, "काय वो गिरिजाबाई, तोंड असं का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

कशी सांगू? शपथ यांनी माझ्यापाशी मोडली. रंभाबाईच्या पोटात तीळ भिजत नाही, उद्या आडावर सगळ्या लाईनीला कळेल आणि यांची नोकरी जाईल. आणि मानसिंग काय, एक छडी न खाल्लेला माणूस! तिला पत्तासुद्धा लागायचा नाही. गप्प बसले.

२२ जानेवारी, गुरुवार

हे गेले. बिल्ला उशाखाली आहे. टोचतो.

२३ जानेवारी

कुणी आलं नाही. उंदरानं डबा पाडला तर मी भिंतीला चिकटले. दिवसभर अंगात कणकण.

२५ जानेवारी, रविवार

पहाटेच लिहायला बसले आहे.

आले! कडी कशी निघाली, देव जाणे. पायांना गार वारा लागला तेव्हा कळलं की दार उघडं आहे. काळजाचं पाणी झालं. आपलाच माणूस आहे हे ठाऊक असून! मी किंचाळायचं ठरवलं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात उशीखाली हात सरकला. गारठलेला होता, आणि बोटं कापत होती. त्यांनाही भीती वाटत होती तर! मला त्या काळ्यानिळ्या पोटऱ्या आठवल्या. नाही ओरडवलं.

हाक मारावीशी वाटली. पण नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही, ते तोंडाशी येईना. मग मी तो हात धरला. बिल्ला तळव्यावर ठेवला, बोटं मिटवली, आणि दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवली. हात एकदम थिजला. मग हळूच सोडवून घेतला. गेले. बिडीचा वास तेवढा मागे राहिला. छावणीत ही सवय लागली वाटतं! येऊ देत घरी, मग बघते.

थोड्या वेळानं समोर आरडाओरडा. भांडी पडली, रंभाबाई "चोर, चोर" ओरडत होती. मी दाराच्या फटीतून पाहिलं. दोघे-तिघे एकाला उचलून नेत होते. डोक्यावर घोंगडं टाकलेलं, हात लोंबत होता. बिचारा मानसिंग! मी सांगायला हवं होतं. देवा, त्याला काही होऊ देऊ नको. माझ्या गप्प बसण्याचं पाप कुठे फेडू?

आणि तरी मनातून एकच येतं – हे सुटले.

२७ जानेवारी, मंगळवार

हे घरी आले. डोक्याला पट्टी, डावा डोळा मिटलेला. ऐन वेळी उस्तादने घरं बदलून दिली. यांना समोर रंभाबाईकडे पाठवलं आणि मानसिंगला आमच्याकडे. हे नापास. करमाळ्याला जायचं.

दूधभात कालवून भरवत होते. यांनी विचारलं, "तू जागी नव्हतीस ना?"

मी नव्हते म्हणाले.

"मानसिंग बी तेच सांगतो."