तुमच्या ऐवजी दिलेलं उत्तर

नाना,

माझं हिमोग्लोबिन सात पॉइंट चार आलं आहे. सकाळी डॉक्टरबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. कॅन्सरच्या किमोत असं होतं, म्हणाल्या. रक्त चढवायचं की थांबायचं, हे नुसत्या आकड्यावर ठरत नाही. चढवण्याचेही धोके असतात. "त्रास किती होतो? धाप लागते का?" फोन स्पीकरवर होता. मी तोंड उघडायच्या आत माझी मुलगी बोलली, "नाही मॅडम, वैसे बाबा ठीक आहेत. बस, पडून राहून सुस्त झालेत."

इतका संताप आला, नाना. न्हाणीघरापर्यंत जाऊन येताना मी दोनदा भिंत धरतो. शर्टाची बटणं लावली की बसावं लागतं. कितीही झोपलो तरी हा थकवा हलत नाही. हिला दिसत नाही? वर बीटाचा रस पुढे करते. "पिऊन घ्या ना बाबा, खून वाढतं." जन्मभर वर्तमानपत्राची पानं वेळेवर छपाईला सोडली, आणि स्वतःबद्दलचं एक वाक्य वेळेत बोलता आलं नाही.

ओरडलो मात्र नाही. तिचं वाक्य माझंच होतं.

तुम्ही रोज लालबाग महालापर्यंत फिरायला जायचात. तुम्हालाही कॅन्सर निघाल्यावर ते बंद झालं. एका सकाळी मी तुम्हाला बळेच नेलं. फाटकाशी तुम्ही कठड्यावर टेकलात, ओठ पांढरे, आणि मला नेहमीच्या लाडानं म्हणालात, "भिया, तू हो पुढे. मला इथूनच महाल छान दिसतो." मला हसू आलं नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं, थकवा वाटतो का? मला ऑफिस गाठायचं होतं. मुलगा म्हणून मीच सांगून टाकलं, "थकवा कसला, पडून राहून सुस्त झालेत." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मान डोलावलीत. रक्त चढवायचा विषय निघालाच नाही.

उद्या दहाला तपासणी आहे. बाई पुन्हा विचारतील, मुलगी शेजारीच असेल. खरं बोललो तर दुपारपर्यंत रक्ताची पिशवी लागेल. तुम्ही आता नाही, हा कागद खणातच राहणार, म्हणून लिहितो. तुम्ही त्या दिवशी गप्प का राहिलात, ते आज कळलं. आपल्या पोराला परक्यासमोर खोटं पाडायला जीभ वळत नाही. माझी उद्या वळेल, याची मला खात्री नाही.