हललेली चौकट

रागावलेल्या ताईला,

आज एका आजींच्या मणक्यात स्क्रू बसवत होते. सळई हाडात कुठे आहे ते पडद्यावर, आधी काढलेल्या स्कॅनवर दिसतं, कारण मणक्यालाच एक खुणेची चौकट आवळलेली असते आणि कॅमेरा तिच्यावरून जागा मोजतो. मदतनिसाचं कोपर त्या चौकटीला लागलं, तरी पडद्यावर सगळं जागच्या जागी! मी सवयीने सळई उघड्या हाडाला टेकवली, तर चित्रात ती हवेत तरंगत होती. "पुन्हा स्कॅन करा," म्हटलं. सगळे कुरकुरले. शुद्धीवर आल्यावर आजींनी दोन्ही पाय हलवले.

घरी येऊन मनातल्या मनात तुझ्याशी बोलत बसले. माझ्या डोळ्यांसमोर तू अजून तीच, लांब वेणीची, भांडून निघालेली. निदान हे पत्र टपालात टाकलं, तर कळेल तू आता कशी आहेस.

पण माझ्या या चित्रातही सळई हवेत तरंगली तर?

तुझीच भांडकुदळ
धाकटी