मी तसं कुठे म्हटलं

६ एप्रिल
नरेशची वनिता माहेरी गेली त्याला आज नऊ दिवस. नरेशला फोन केला तर म्हणाला, मोगऱ्याच्या वाडीत आहे, नंतर बोलतो. नंतर म्हणजे कधी, ते नाही. धाकटा भाऊ माझा, मला असं कधी टाळत नाही.
दाराच्या कडीला पुडी नाही. आई गेल्यापासून वनिता कामावर जाता जाता मोगरा अडकवून जायची, बेलसुद्धा न वाजवता. आज रिकामी कडी बघून रडू आलं. कोणत्या तोंडाने रडतेस बाई.

८ एप्रिल
सुट्टीतली बॅच. आजचा शब्द इन्यूएन्डो. फळ्यावर लिहिला आणि खडू हातात तसाच राहिला.
अर्थ: सरळ न म्हणता एखाद्याबद्दल वाईट सुचवणं. वाक्य ऐकणाऱ्याने मनातल्या मनात पुरं करायचं, बोलणारा नामानिराळा. वापर कसा, तर उदाहरण दिलं, 'साहेब निघाले की तीही लगेच निघते. योगायोग असेल.' मुली हसल्या. एक म्हणाली, मिस, म्हणजे लेकी बोले सुने लागे. म्हटलं, जवळ आलीस, पण नाही. तिथे सुनेला लागावं म्हणूनच बोलतात. इथे जिच्याबद्दल बोलतो ती नुसती बसलेली असते, लागायचं असतं ते तिसऱ्याला. आणि पकडले गेलो तर एक वाक्य तयार ठेवायचं, मी तसं कुठे म्हटलं?
वीसेक वर्षं इंग्रजी शिकवते. हा शब्द इतका चांगला कधी शिकवला नव्हता.

९ एप्रिल
लिहूनच टाकते.
पाडव्याला नरेशकडे जेवायला होते. त्याआधीच्या बुधवारी संध्याकाळी वालीव नाक्यावर एका स्कूटरच्या हँडलला पुडी दिसली. केळीच्या पानाची, खोडाच्या सुक्या सोपटाने बांधलेली, गाठ कडेला. मोगरा इथल्या सगळ्याच वाड्यांतून जातो, पण प्रत्येक घराची बांधणी वेगळी. कडेची गाठ आमच्या आईची. माझ्या हाताला ती कधी बसली नाही, वनिताला चार दिवसांत आली. स्कूटर वनिताच्या पॅकिंग युनिटमधल्या फोरमनची. तो बाजूलाच उभा होता, चहा पीत.
जेवताना मी एवढंच म्हणाले, "आपल्या घरच्या पुड्या हल्ली वालीवला लोकांच्या स्कूटरवर फिरतात. बरं आहे." मग, "जाऊ दे, मला काय करायचंय." आणि श्रीखंड वाढून घेतलं.
नरेश जेवायचा थांबला. वनिता माझ्याकडे बघत राहिली.
का बोलले? त्या आठवड्यात माझ्या दाराला दोनदा पुडी नव्हती. बस, एवढंच. पन्नाशीला आलेली बाई मी, आणि चार मोगऱ्याच्या कळ्यांवरून भावाच्या घरात काडी टाकली.

१० एप्रिल
काही नाही. पेपर तपासले.

१३ एप्रिल
जायच्या दिवशी वनिता पिशवी घेऊन इथे आली होती, ते डोळ्यांसमोरून हलत नाही. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "ताई, म्हनायचं होतं ते सरळ म्हनायचं."
मी म्हटलं, अगं, मी काही म्हटलंच नाही.
"तेच तर. कायतरी म्हनला असता तर उत्तर दिलं असतं. आता मी कशाला उत्तर देऊ?"
तिचं माहेर पूर्वेच्या भातशेतीच्या गावातलं. लग्न होऊन आली तेव्हा मी तिचं 'पानी' चारचौघांत सुधारायचे. सगळे हसायचे, तीही हसायची. त्या दिवशी तिचं 'म्हनायचं' सुधारायचं मला सुचलंच नाही.

१६ एप्रिल
क्लासमधल्या एका मुलीची आई वनिताच्याच युनिटला आहे. आज वह्या देताना मुलगी सहज म्हणाली, "मिस, वनिताकाकी येत नाहीत ना, आता देवाच्या फोटोला प्लास्टिकचा हार घातलाय. आईला अजिबात आवडला नाही."
विचारत गेले. दर गुरुवारी तिथे मशीनची पूजा. फोरमन सगळ्यांच्या आधी येऊन युनिट उघडतो, पूजा तोच करतो. म्हणून वनिता बुधवारी संध्याकाळीच पुडी त्याच्या स्कूटरला अडकवायची. अख्ख्या युनिटला माहीत.
विचारायला अर्धं मिनिट लागलं. पाडव्यालाही तेवढंच लागलं असतं.

१७ एप्रिल
वाडीत गेले. नरेश पाणी सोडत होता. सगळं सांगितलं. पूजा, गुरुवार, फोरमन. माझी चूक झाली हेही. एकही वाक्य अर्धं ठेवलं नाही.
तो खाली बघूनच म्हणाला, "तू एवढं समजावतेयस, ताई. म्हणजे त्या दिवशी तुझ्या मनात नक्की काय होतं?"
म्हटलं, ते सोड. तू तिला विचारलंस का?
"काय विचारू? तू काही म्हटलंच नव्हतंस."
येताना रिक्षात बसले ते रडतच. रिक्षावाल्याने आरसा वळवून घेतला. सरळ बोलायला शिकले तर माझं सरळही त्याला आता वाकडंच ऐकू येतं. माझ्या भावाचा माझ्यावरचा विश्वास मीच संपवला.

१९ एप्रिल
वनिताला फोन. शेवटपर्यंत ऐकून घेतलं तिने. मग, "मला कशाला सांगता? मला ठाऊकच हाय. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांगा."
सांगितलं, म्हटलं.
मग, "मंग ते का नाय आले?"


२० एप्रिल
क्लास बुडवला. पहिल्यांदा.

२३ एप्रिल
सकाळी दार उघडलं तर कडीला पुडी.
बांधणी ढिली, सोपट जाड, गाठ कडेला घ्यायचा प्रयत्न केलेला आणि मध्येच सरकलेली. नरेशचा हात. त्याने जन्मात कधी पुडी बांधली नव्हती. मोठी आहे, एकीपुरती नाही वाटत. मला दिलीय? की वनिताकडे पोचव म्हणतोय? की आई गेली ती तारीख परवा, त्यासाठी?
मला पुड्या बघून अर्थ लावता येतात असं मला वाटायचं.
त्याला दोन फोन केले. उचलत नाही. पुडी सोडलेली नाही, ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलीय. वाडीत जाऊन विचारणार आहे, ही कुणाची. 'वनिताची' म्हणाला तर तिथूनच तिच्या गावाला, त्याला बरोबर घेऊन. 'तुझी' म्हणाला तर
रिक्षा आली.